दोन फोटोंमधलं अंतर

डिसेंबर १८४० मध्ये चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटला एक पत्र लिहिलं. टॅल्बट म्हणजे फोटोग्राफीच्या अगदी पहिल्या माणसांपैकी एक. व्हीटस्टनच्या सांगण्यावरून त्याने एकाच वस्तूचे दोन बाजूंनी दोन फोटो काढले होते. व्हीटस्टनचा अभिप्राय थोडक्यात असा: तुम्ही दोन फोटोंमधला कोन ४७.५ अंशांचा ठेवलात, तो जास्त झाला. २५ ठेवला असता तर बरं झालं असतं.

स्टिरिओ फोटोग्राफी म्हणजे दोन फोटोंच्या जोडीतून जवळ-लांब उठून दिसेल असं करण्याची कला. तिचा पुढचा सगळा इतिहास मला या एका तक्रारीचाच विस्तार वाटतो. काच गेली, कागद आला, फिल्म आली, मोबाइल आला. प्रश्न मात्र तोच राहिला. दोन फोटोंमध्ये अंतर किती ठेवायचं?

पण मुळात दोन फोटो कशाला हवेत? एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. दोरा नेढ्याच्या अलीकडून जातो, पलीकडून जातो, आणि ओवला गेला असं समजून आपण ओढायला लागतो. दुसरा डोळा उघडला की काम होतं. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना तीच सुई किंचित वेगळ्या जागी दिसते. जवळच्या वस्तूच्या बाबतीत हा फरक मोठा, लांबच्या वस्तूच्या बाबतीत लहान. दूरचा डोंगर तर दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखाच दिसतो. मेंदू हा फरक वाचतो आणि त्याचं भाषांतर ‘जवळ’ आणि ‘लांब’ असं करतो. ठरावीक फरक दिसला तरच जाग्या होणाऱ्या पेशी १९६७ साली मांजराच्या मेंदूत सापडल्या.

खोली कळायला दोन डोळेच लागतात असं मात्र नाही. पुढची वस्तू मागचीला झाकते, लांबचा माणूस लहान दिसतो, दूरच्या टेकड्या धुरकट होतात, सावली पडते. साध्या फोटोत या सगळ्या खुणा असतात आणि त्यावर आपलं भागतं. म्हणूनच व्हीटस्टनची हुशारी लक्षात घेण्यासारखी आहे. १८३८ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे जी चित्रं मांडली ती साध्या रेघांची होती. ना छटा, ना सावली. नाकासमोर काटकोनात दोन आरसे, डाव्या-उजव्या बाजूला एकेक रेखाचित्र, आणि प्रत्येक डोळ्याला फक्त आपापल्या आरशातलं दिसणार. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली की रेघांचा घन हवेत उभा राहिला. श्रेय द्यायला सावली नव्हतीच, त्यामुळे खोली फक्त दोन चित्रांतल्या फरकातून आली हे कबूल करण्यावाचून इलाज नव्हता.

तारीख पुन्हा पाहा. १८३८. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये. म्हणजे फोटो बघायचं यंत्र फोटोच्या आधी तयार होतं! (शाळेत विजेच्या धड्यात ज्याच्या नावाच्या ‘ब्रिज’ने आपल्याला छळलं तोच हा व्हीटस्टन. तो ब्रिज मूळचा त्याचा नाही, सॅम्युअल हंटर क्रिस्टीचा. वरचं आरशांचं यंत्र, म्हणजे स्टिरिओस्कोप, मात्र नक्की त्याचं.)

आता त्या ४७.५ अंशांकडे येऊ. एखादी वस्तू नाकासमोर धरली की दोन्ही डोळ्यांपासून तिच्याकडे जाणाऱ्या रेषांमध्ये एक कोन तयार होतो. हिशेब मी करून पाहिला. वस्तू १५ सेंटिमीटरवर असेल तर हा कोन २५ अंश भरतो. ४७.५ अंश हवे असतील तर ती सात-साडेसात सेंटिमीटरवर, म्हणजे जवळजवळ नाकाला लावावी लागते. टॅल्बटने जे फोटो काढले ते वस्तू नाकाला टेकवून बघणाऱ्याला दिसतील असे होते. डोळे ते एकत्र आणूच शकत नाहीत. आजच्या मापाने २५ अंशही भरमसाट आहेत, पण दिशा व्हीटस्टनने बरोबर सांगितली होती.

या अंतरावर हट्ट धरला तो डेव्हिड ब्रूस्टरने. हा स्कॉटिश शास्त्रज्ञ, कॅलिडोस्कोप त्याचाच. १८४९ मध्ये त्याने आरसे काढून टाकले आणि भिंगांची एक बंद, हातात मावणारी पेटी बनवली. फोटो काढताना दोन भिंगांमध्ये माणसाच्या डोळ्यांइतकंच, अडीच इंच अंतर ठेवायचं, एक रेघ जास्त नाही, असं त्याचं म्हणणं. फोटोग्राफर कुठले ऐकतात! उठाव जास्त दिसावा म्हणून ते बिनदिक्कत अंतर वाढवत होते. व्हीटस्टनशी तर ब्रूस्टरचं चांगलंच वाजलं. स्टिरिओस्कोप व्हीटस्टनचा नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याने १६०० च्या आसपासच्या याकोपो किमेंती या चित्रकाराची दोन सारखी रेखाटनं साक्षीला आणली. ती मुळात स्टिरिओ जोडी नव्हतीच. मोठी माणसं किती लहान कारणांसाठी भांडतात हे पाहायचं असेल तर विज्ञानाचा इतिहास वाचावा.

पेटी मात्र चालली. पॅरिसच्या ज्यूल द्युबोस्कने बनवलेला नमुना १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीला आवडला आणि घरोघरी मागणी सुरू झाली. १८५४ मध्ये लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली. स्टिरिओस्कोपशिवाय एकही घर नको, अशा अर्थाचं तिचं घोषवाक्य होतं. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने १८६१ च्या सुमारास पेटीही टाकून दिली. एक दांडी, दोन भिंगं, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून झापड, आणि पुढेमागे सरकणारी कार्ड अडकवायची पट्टी. पेटंट त्याने मुद्दाम घेतलं नाही, त्यामुळे कुणीही बनवावा आणि विकावा. साडेतीन इंच बाय सात इंचांचं कार्ड, त्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन फोटो, हे पुढे अनेक दशकं घराघरातलं जगप्रवासाचं साधन राहिलं. फ्रान्समध्ये याहून नाजूक प्रकार होता. पातळ कागदावर छापलेला फोटो, मागून रंगवलेला आणि टाचणीने बारीक भोकं पाडलेला. समोरून उजेड असला की दिवस. मागून उजेड पाडला की तेच चित्र रंगीत होतं, आणि झुंबरात, खिडक्यांत दिवे लागतात.

या कार्डांचा एक आडफायदा झाला. स्टिरिओचे फोटो आकाराने लहान, त्यांची भिंगं आखूड पल्ल्याची, त्यामुळे उजेड भरपूर आत येई आणि फोटो चटकन निघे. मोठ्या कॅमेऱ्यात चालणारी माणसं पुसटून जायची त्या काळात, १८५९ पासून, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची रहदारी स्टिरिओ कार्डांवर जागच्या जागी थांबलेली दिसू लागली. होम्सने ही कार्डं जवळ घेऊन माणूस पाऊल नेमकं कसं टाकतो ते तपासलं. यादवी युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम पाय बनत होते, त्याचा विचार करताना.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातून एकाच काचेवर दोन फोटो उमटले. त्यावरून एकसंध कागदावर छाप घेतला आणि तसाच कार्डावर चिकटवला तर काय होईल? भिंग चित्र उलटं पाडतं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. पण प्रत्येक भिंग आपलं चित्र आपल्याच जागी उलटं करतं. ते सरळ दिसावं म्हणून आपण सबंध कागद फिरवतो तेव्हा चित्रं सरळ होतात आणि त्यांच्या जागांची अदलाबदल होते. डाव्या डोळ्याचा फोटो उजवीकडे जातो. म्हणून जुने कारागीर प्रत्येक छाप मधून कापत आणि दोन तुकड्यांची जागा बदलून मग चिकटवत. हे विसरलं तर जग आतबाहेर होतं. मी स्वतः हा घोळ मोबाइलवरच्या फोटोंमध्ये केला आहे. कुंडीतल्या रोपाचे फोटो होते. पानं भिंतीत खोदल्यासारखी दिसत होती, कुंडी म्हणजे एक खड्डा, आणि मागची भिंत पानांच्या पुढे येऊन उभी. दहा मिनिटं मी डोळ्यांना दोष देत बसलो. फोटोंच्या जागा बदलल्या आणि रोप परत कुंडीत आलं. व्हीटस्टनने १८५२ मध्ये हाच उलटा परिणाम मुद्दाम घडवणारं एक यंत्रही बनवलं होतं.

तर अंतर किती? आज स्टिरिओवाले एक ढोबळ नियम वापरतात: चौकटीतली सर्वांत जवळची वस्तू जेवढी लांब, त्याचा तिसावा भाग. माणूस दोन मीटरवर असेल तर साडेसहा सेंटिमीटर. ब्रूस्टरचे अडीच इंच इथे तंतोतंत बसतात. फूल ३० सेंटिमीटरवर असेल तर एकच सेंटिमीटर. आणि समोर तीनशे मीटरपर्यंत काहीच नसेल, फक्त पलीकडची दरी, तर दहा मीटर. एक फोटो काढायचा, दहा मीटर चालत जायचं, दुसरा काढायचा. कोनात सांगायचं तर हे दोन अंशांच्याही आत बसतं.

हाच नियम चंद्राला लावा. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. त्याचा तिसावा भाग १२,८०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचा व्यास! एक फोटो पृथ्वीच्या एका टोकावरून, दुसरा नेमक्या विरुद्ध टोकावरून. वॉरन द ला रू या इंग्रज खगोलनिरीक्षकाने १८५० च्या दशकात हा प्रवास न करताच काम साधलं. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो असं म्हणतात खरं, पण तो थोडा डोलतो. कधी डावी कड जास्त दिसते, कधी उजवी. द ला रूने वेगवेगळ्या महिन्यांतले, उजेड सारखा पण डोलणं वेगळं असलेले फोटो निवडले आणि त्यांची जोडी लावली. स्टिरिओस्कोपमध्ये चंद्र थाळीसारखा न दिसता चेंडूसारखा दिसला. कॅमेरा हलवता येत नसेल तर वस्तू हलेपर्यंत थांबायचं. माझ्या मते स्टिरिओच्या इतिहासातली ही सर्वांत देखणी युक्ती.

अंतर मुद्दाम वाढवण्याचा खरा उपयोग विमानांनी केला. उडता उडता असे फोटो घ्यायचे की प्रत्येक फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्या फोटोतही येईल. दोन फोटोंमधलं अंतर मग शेकडो मीटरचं होतं आणि वरून सपाट दिसणारी घरं मनोऱ्यांसारखी उठून येतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या मेडमेनम इथे विश्लेषक मंडळी दुमडत्या पायांचे छोटे स्टिरिओस्कोप घेऊन असल्याच फोटोंवर वाकलेली असत. जर्मनीचं व्ही-१ हे उडतं अस्त्र पेनेम्युंड या जर्मन अस्त्रतळाच्या फोटोत ओळखलं ते तिथल्याच कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी. छपरावर रंगाने झाडी काढली तर एका फोटोत ती खपून जाते. जोडीत मात्र खोट्या झाडाला उंची नसते, आणि खऱ्या छपराला असते.

ही गोष्ट बेला युलेस या हंगेरीतून आलेल्या रडार अभियंत्याच्या डोक्यात होती. १९५९-६० च्या सुमारास बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेत त्याने संगणकाकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे दोन चौकोन बनवून घेतले. एकेकटे पाहिले तर निव्वळ राख. पण एका चौकोनातले मधले ठिपके दुसऱ्याच्या तुलनेत थोडे बाजूला सरकवलेले होते. दोन्ही एकत्र पाहिले की मधला चौकोन पुढे तरंगायचा. व्हीटस्टनने सावली काढून टाकली होती, युलेसने रेघही काढून टाकली. वस्तू ओळखण्याच्या आधीच मेंदू खोली काढू शकतो, हे त्यातून निघालं. १९९० च्या दशकात भिंतीभिंतींवर दिसणारी ‘टक लावून बघा, आत डॉल्फिन आहे’ छापाची चित्रं याच वंशातली.

आणि कार्ल पुल्फ्रिश. हा जर्मन शास्त्रज्ञ भिंगं बनवणाऱ्या झाइस कंपनीत होता. फोटोंच्या जोडीवरून अचूक मोजमाप घेणारं यंत्र त्याने १९०१ च्या सुमारास बनवलं. १९२२ मध्ये त्याने एका चमत्काराचं स्पष्टीकरण दिलं, ते घरी करून बघता येतं. दोऱ्याला काहीतरी जड बांधा आणि ते तुमच्यासमोर डावीकडून उजवीकडे सरळ झुलवत ठेवायला कुणाला तरी सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवा, पण एका डोळ्यापुढे गॉगलची काच धरा. सरळ झुलणारा लंबक गोल फिरताना दिसेल. अंधाऱ्या डोळ्याकडून निरोप मेंदूला जरा उशिरा पोहोचतो, म्हणजे त्या डोळ्याला लंबक क्षणभर आधीच्या जागी दिसतो. दोन डोळ्यांत फरक पडला, आणि फरक पडला की मेंदू त्याची खोली करणारच. पुल्फ्रिशला स्वतःला हा परिणाम कधीच दिसला नाही. त्याचा एक डोळा गेलेला होता.

आता स्वतः करायचं असेल तर. मोबाइल पुरे. आडवा धरा, वजन डाव्या पायावर, एक फोटो. कंबरेतून वजन उजव्या पायावर न्या, दुसरा फोटो. याला स्टिरिओवाले ‘चा-चा’ म्हणतात, नाचावरून. मोबाइल फिरवायचा नाही, नुसता सरकवायचा. मधल्या वस्तूकडे वळवण्याचा मोह होतो, तो टाळा, नाहीतर चौकटीच्या कडा तिरक्या जुळतात. वर-खालीही जाऊ देऊ नका. आडवा फरक मेंदूला हवाच असतो, उभा फरक मात्र त्याला अजिबात सोसत नाही, लगेच कपाळ दुखतं. जुळवणी नंतर संगणकावर करता येते. मासुजी सुतो यांचं ‘स्टिरिओफोटो मेकर’ हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला उत्तम आहे.

विषय निवडताना जवळ काहीतरी, मध्ये काहीतरी आणि लांब काहीतरी असू द्या. सायकलचं चाक, जिना, फांद्यांचा गुंता. साध्या फोटोत जे नुसती गिचमीड दिसतं ते स्टिरिओत मोकळं होतं, हा त्याचा खरा गुण. अंगावर येणारी बोटं आणि भाले यांचा उत्साह दोन दिवसांत ओसरतो. फांदीमागची फांदी सुटी झालेली बघण्याचा ओसरत नाही. पुढे आलेली वस्तू चौकटीच्या कडेने कापली जाणार नाही एवढं बघा. फोटोची चौकट म्हणजे खिडकी समजा. खिडकीच्या अलीकडे असलेली वस्तू खिडकीच्या चौकटीने कापलेली दिसली तर मेंदू गोंधळतो.

दोन फोटोंच्या मधल्या क्षणात वारा आला तर पानं दोन्हीकडे वेगळी. मग डोळ्यांचं भांडण लागतं. मेंदू दोन्ही चित्रं एकत्र करू शकत नाही, म्हणून कधी हे दाखवतो कधी ते, आणि ती जागा चमकत राहते. पाण्यावरच्या उन्हालाही असंच होतं, पण तिथे ते छान दिसतं.

बघायचं कसं? फोटो शेजारी शेजारी ठेवा, डाव्या डोळ्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे. दोन्हींच्या मध्ये, पडदा आणि नाक यांच्या दरम्यान, पेन्सिलचं टोक धरून टोकाकडेच बघा. मागे तीन पुसट चित्रं दिसतील. पेन्सिल पुढेमागे करत मधलं स्थिर झालं की हळूच पेन्सिल काढून घ्या. जमेपर्यंत जमत नाही, आणि एकदा जमलं की विसरत नाही. तिरळेपणा डोळ्यांवर घ्यायचा नसेल तर फोटो सरळ क्रमाने लावून साधा भिंगांचा डबा वापरा. किंवा लाल-निळा चष्मा. ती युक्तीही जुनीच, विल्हेम रोलमनने १८५३ मध्ये मांडलेली. रंगांचं मातेरं होतं, पण चष्मा कागदाचासुद्धा चालतो. आणि कुणाला काहीच उठून दिसलं नाही तर त्याला हसू नका. लहानपणी तिरळेपणा असलेल्या बऱ्याच जणांच्या मेंदूला ही सवय लागलेलीच नसते.

हा छंद दर पिढीला मरतो आणि दर पिढीला उठतो. कार्डं सिनेमा आणि सचित्र मासिकांपुढे मागे पडली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात व्ह्यू-मास्टर आला, गोल चकतीवर सात जोड्या. १९४७ मध्ये ‘स्टिरिओ रिअलिस्ट’ हा कॅमेरा आला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयसेनहॉवर यांच्याही गळ्यात तो असे. मग तेही गेलं. थ्रीडी टीव्ही आले, २०१७ पर्यंत कंपन्यांनी ते बंदही केले. मला यात तंत्राचा दोष दिसत नाही. स्टिरिओ एकट्याने, एका जागी, डोळ्याला काहीतरी लावून बघावं लागतं, आणि शेजारच्याला ‘हे बघ’ म्हणून नुसतं दाखवता येत नाही. आजचे आभासी वास्तवाचे हेडसेट म्हणजे ब्रूस्टरची पेटीच, डोक्याला बांधलेली. मंगळावर २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीच्या खांबावरही कॅमेऱ्यांची जोडी आहे, साधारण २४ सेंटिमीटरच्या अंतराने. तिथे मात्र शेजारी कुणी नसल्यामुळे ही अडचण येत नाही.

मध्यंतरी जुन्या अल्बममध्ये आजोबांचे दोन फोटो एकाखाली एक सापडले. त्याच खुर्चीत, त्याच सदऱ्यात. पहिल्यात डोळे मिटले गेले म्हणून लगेच दुसरा काढलेला असणार. सहज शेजारी ठेवले आणि पेन्सिल धरली. मधलं चित्र थरथरलं आणि खुर्चीचा हात पुढे आला. मग गुडघे. मग मागे, बरीच मागे, भिंत. फोटो काढणाऱ्याने मधल्या वेळात एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं असावं. आजोबा दोनेक मीटरवर होते, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर पुरे. सगळं घट्ट उभं होतं, फक्त त्यांचे डोळे सोडून. एका फोटोत ते मिटलेले, दुसऱ्यात उघडे. त्यामुळे ते मिटत-उघडत राहिले.